दोह्यात शिकलेला रेइपास

दोह्याला जाऊन आले म्हटल्यावर तासगावात मला पहिला प्रश्न विचारतात तो सोन्याचा आणि दुसरा उंटाचा. सोनं मी घेतलं नाही आणि उंटावरही बसले नाही. मी तिथून एक शब्द घेऊन आले, आणि तोही अरबी नव्हे, फिनलंडचा. एवढं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

जायचं कारण वरवर साधंच होतं. माझा मुलगा निखिल दोह्यात बांधकामाच्या कंपनीत इंजिनीअर आहे. सोबत सून मृण्मयी आणि सहा वर्षांची नात सई. "आई, थंडीत दोन महिने ये," असं तो दर वर्षी म्हणायचा. या वर्षी मात्र त्याच्या सुरात जोर होता. गेल्या श्रावणात मी अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि डावं मनगट मोडून घेतलं, तेव्हापासून पोराच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

काय शिजत होतं ते पोचल्या पोचल्या कळलं. अल अझीझिया भागात त्यांचा फ्लॅट आहे. माझ्या खोलीला नवे पडदे होते, पलंगाशेजारी धरायला दांडी होती आणि भिंतीवर सागवानी देवघर. दोन महिन्यांच्या पाहुणीसाठी कोणी देवघर बसवत नाही.

"आवडलं तर कायमचंच राहायचं," निखिल म्हणाला. "तासगावचं घर भाड्याने देऊन टाकू. तिकडे एकटी कशाला राहतेस?"

"बघू," मी म्हणाले. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी गेली. पेशंटला 'बघू' म्हणायचं आणि आपण काय करायचं ते करायचं, ही विद्या मला चांगली येते. वर्षभर निखिल फोनवरून मला टाकीचा कॉक, गॅसची नळी, गोळ्यांच्या वेळा विचारत होता. कतारात बसून तासगावचं घर चालवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि त्याच्याकडे तर उंटही खरे होते.

बाग

घरापासून चालत गेलं की एक भलीमोठी बाग लागते, अस्पायर पार्क. वाळवंटात एवढं हिरवं गवत, मध्ये तळं, तळ्यात बदकं. जानेवारीतली सकाळ आपल्याकडच्या कोवळ्या थंडीची असते, स्वेटर घालावं की नाही असा विचार करायला लावणारी. मी साडीवर पांढरे बूट घालून फेऱ्या मारायचे. तिथे फिलिपिनो पोरी धावतात, अरब कुटुंबं चटया टाकून चहा पितात, आणि माझ्या साडी-बुटांकडे कोणी वळूनसुद्धा पाहत नाही. तासगावात असे बूट घातले तेव्हा गल्लीत आठवडाभर विषय पुरला होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक गोरी म्हातारी दिसली. दोन्ही हातांत दोन काठ्या. मला वाटलं, बिचारीचे गुडघे गेलेले दिसतात. सवयीने मी तिची चाल बघायला लागले, तर ती काठ्या आपटत माझ्या शेजारून गाडीसारखी निघून गेली. हा अपमान होता. पदर खोचला आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला तिला गाठलं.

ती हसली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "रेइपास!"

ही इर्मा. फिनलंडच्या एका खेड्यात तिने जन्मभर टपाल वाटलं, बर्फातून. आता निवृत्त, नवरा गेलेला, आणि माझ्यासारखीच लेकीकडे दोन महिन्यांसाठी आलेली. लेकीचं घर आमच्याच गल्लीत निघालं. आम्ही इंग्रजीत बोलायचो. माझं इंग्रजी दवाखान्यातलं, म्हणजे कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, श्वास धरा, सोडा. तिचं इंग्रजी त्याहून थोडं बरं. दोघींचं मिळून काम भागत होतं.

"रेइपास म्हणजे भरभर का?" मी विचारलं.

"नाही. भरभर वेगळं."

"म्हणजे ताकदवान?"

"नाही, नाही." ती काठ्या टेकून विचारात पडली. "आमच्याकडे रोज म्हणतो आम्ही. पण तुला कसं सांगू? तू बघत राहा. जिथे दिसेल तिथे सांगेन."

मला ही पद्धत पसंत पडली. रोगाची लक्षणंसुद्धा आम्ही पुस्तकापेक्षा खाटेशेजारीच शिकलो होतो.

दोन स्वयंपाकघरं

पहिल्यांदा तिच्या लेकीकडे गेले तेव्हा माझी फजिती झाली. इर्माने कॉफी केली आणि स्वतः भाजलेले गोल पाव पुढे ठेवले. वास आला तो चक्क वेलदोड्याचा! जगाच्या त्या टोकाला, बर्फात, लोक पावात वेलदोडा घालतात हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तिने ताटली पुढे केली आणि रीतीप्रमाणे मी म्हणाले, "नको, नको."

तिने मान हलवली, ताटली मागे घेतली आणि वरून फडकं झाकलं.

आता आपल्याकडे पहिलं 'नको' हे निव्वळ प्रस्तावना असते. दुसऱ्याला आपण "अर्धा द्या" म्हणतो आणि तिसऱ्याला दोन खातो. इथे प्रस्तावनेतच पुस्तक मिटलं. तासभर मी त्या फडक्याकडे बघत काळी कॉफी प्यायले आणि तशीच घरी आले. मृण्मयी हसून हसून खाली बसली. "आई, ते लोक एकदाच विचारतात. तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नाही."

मग मी इर्माला आमच्याकडे जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली. गरम पोळीवर मी तुपाची धार धरली, आणि ती ताटाच्या काठापर्यंत वाहत गेली तशी इर्मा आनंदाने ओरडली, "रेइपास!"

"तूप रेइपास?"

"तूप नाही. तू घातलंस ते. न घाबरता घातलंस."

चालणं आणि तूप. दोन लक्षणं मिळाली, पण निदान होईना. तोवर ती तिसरी पोळी नको म्हणाली, मी अर्थातच वाढली. तिने ती निमूटपणे संपवली. मी चौथी वाढली. तिने तीही खाल्ली, चेहरा जरा घामेजला. मागाहून कळलं की तिच्या घरच्या रीतीने ताटात टाकणं म्हणजे पाप. मी ताट रिकामं दिसलं की वाढत होते, आणि ती वाढलं की खात होती. शेवटी तिने दोन्ही हातांचे पंजे ताटावर आडवे ठेवले. दवाखान्यात इंजेक्शन बघून पोरं असंच करतात.

त्यानंतर आमचा तह झाला. तिच्याकडे मी पहिल्यांदाच 'हो' म्हणायचं, आणि माझ्याकडे तिने 'नको' म्हटलं की मी खरंच थांबायचं. तिने तह पाळला. मी बऱ्यापैकी पाळला.

एकदा सई आमच्याबरोबर बागेत आली आणि स्कूटरवरून पडली. गुडघा चांगलाच सोलवटला. डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली, स्कूटर उचलली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम ओके, आजी." सईला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. इर्मा तिच्यापुढे वाकली आणि म्हणाली, "रेइपास!"

मला राग आला. मी म्हणाले, "म्हणजे हा लहान मुलांना म्हणायचा शब्द आहे. आणि तू तो मला म्हणालीस?"

"लहान मुलांना म्हणतात आणि म्हाताऱ्यांना म्हणतात," इर्मा शांतपणे म्हणाली. "मधल्या वयात कोणी म्हणत नाही. तेव्हा तसं असावंच लागतं."

घरी आल्यावर मी पलंगाजवळची ती दांडी न धरता उठून बसून पाहिलं. जमत होतं.

सूक वाकिफ

इर्माचा वेलदोडा संपला म्हणून आम्ही दोघी सूक वाकिफला गेलो. हा जुन्या धाटणीचा बाजार, मातीच्या रंगाच्या भिंती, लाकडी तुळया, आणि गल्लीगल्लीत वेगळा वास: कुठे केशर, कुठे ऊद, कुठे भाजलेलं मांस. मिठाच्या पोत्यांशेजारी वाळवलेल्या लिंबांची रास होती. ती काळी लिंबं बघून मला वाटलं माल खराब झालाय, पण इथे ती मुद्दाम वाळवून रश्श्यात टाकतात. एका चिमुकल्या दुकानात मी वेलदोड्याचं टरफल सोलून इर्माला म्हणाले, "जुना दिसतोय."

हे मात्र माझ्या तोंडून मराठीत निघालं. गल्ल्यावरचा माणूस ताडकन म्हणाला, "जुना न्हाय ताई, परवाच आलाय! गाव कंचा तुमचा?"

ते रऊफभाई, श्रीवर्धनकडचे. मग काय, वेलदोडा राहिला बाजूला. स्टूल आलं, दूध घातलेला वेलचीचा चहा आला. मी 'नको' म्हणाले, आणि चहा आला! इर्मा हे बघतच राहिली.

"कायमच्या आलाव?" त्यांनी विचारलं.

"मुलगा म्हणतोय तसं."

"माझी अम्मा इथंच हाय. खूश हाय. आमच्या मोहल्ल्यातलीच चार-पाच घरं हायेत बाजूला. सकालपासून तिच्या दाराला कडी न्हाय. मीच म्हनतो, अम्मा, मला पन जरा बोलूं दे!"

ते हसले, मीही हसले. परतताना गाडीत मात्र दाराच्या कड्याच डोक्यात होत्या. त्या अम्मांच्या दाराला कडी नव्हती. आमच्या फ्लॅटच्या दाराला तीन होत्या. निखिल-मृण्मयी सकाळी ऑफिसला जायचे, सई शाळेत, आणि मग संध्याकाळपर्यंत फ्रीजचा आवाज. त्यांचा काही दोष नव्हता. पोटापाण्याचा उद्योग तसाच असतो.

वाळू

सुट्टीच्या दिवशी निखिल आम्हाला दक्षिणेला वाळवंटात घेऊन गेला. इर्माची लेक कामासाठी बाहेरगावी होती, म्हणून इर्माही आमच्या गाडीत. रस्ता संपतो तिथे गाड्या थांबवून टायरमधली हवा कमी करतात, म्हणजे चाकं वाळूत रुतत नाहीत. मग एकामागून एक टेकड्या, आणि त्यांच्यामधून अचानक समुद्र. वाळवंटाच्या मधोमध निळं पाणी आत शिरलेलं. तो देखावा बघून मी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले, आणि इर्माने त्याचा अर्थ विचारला. आता समजावून सांगायची पाळी माझी होती आणि तेही जमलं नाही.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी टेकडी चढायला निघालो. निखिल खालून ओरडला, "आई, नको!" पण आता मी 'नको'चा अर्थ मराठीतच घेणार होते. अर्ध्यावर पायाखालची वाळू सरकली आणि मी आडवी झाले. हातापायाला लागलं काहीच नाही, वाळू मऊ असते. पण तोंडात, केसांत, पदरात वाळू, आणि चढ असा की उठू म्हटलं की पुन्हा घसरायला होत होतं.

इर्मा माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिने हात पुढे केला नाही. काठी दिली नाही. नुसती उभी राहिली आणि बघत राहिली.

मला संताप आला. त्या संतापातच मी गुडघ्यावर आले, मग उभी राहिले आणि तरातरा वरपर्यंत गेले. निखिल धापा टाकत मागून आला. घाबरून त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"लागलं का? मनगट दाखव. हलव बोटं." आणि मग, "खलास, आई. आता मी तुझं ऐकणार नाही. उद्याच फोन करून घर भाड्याने लावतो. तिकडे अशी पडलीस तर कोण आहे?"

एवढं बोलून तो माझ्यासाठी खुर्ची आणायला खाली उतरला. मी सगळा राग इर्मावर काढला. "मी पडले आणि तू बघत राहिलीस! आमच्याकडे अनोळखी माणूससुद्धा हात देतो."

"तू हाक मारली नाहीस," ती म्हणाली. "तू उठू शकत होतीस. मी हात दिला असता तर तुझा मुलगा म्हणाला असता, आईला उठता येत नाही. म्हणून मी जवळ उभी राहिले. घसरली असतीस तर धरलं असतं."

तिचं खरं होतं. चाल, तूप, सईचा गुडघा आणि आता ही वाळू. न कुरकुरता, न कचरता, आपल्या पायावर पुढे होणं. मला शब्द कळला, आणि खरं सांगते, मला तो मनापासून आवडला. मी म्हणाले, "चांगला शब्द आहे गं तुझा."

इर्मा समुद्राकडे बघत होती. "चांगला आहे," ती म्हणाली. "पण नवरा गेला तेव्हा चर्चमध्ये मी रडले नाही. सगळे येऊन म्हणाले, इर्मा किती रेइपास आहे. कॉफी प्यायले आणि घरी गेले. त्यांना वाटलं मला एकटं राहायचं असेल. मी काही मागितलं नाही, म्हणून कोणी आलं नाही. मग बर्फ पडायला लागला."

हे सगळं तिने एका सुरात सांगितलं. मला आमचे हे गेले ते दिवस आठवले. घरात चूल पेटली नाही, पण शेजारणींनी पिठलं-भाकरीच्या पाट्या आणल्या. शेजारची शैला तर महिनाभर माझ्याकडेच झोपायला येत होती. कोणी विचारलं नाही, येऊ का म्हणून. रडू आलं की रडायचे, आणि कोणीतरी पाठीवरून हात फिरवायचं. कंटाळा यायचा कधीकधी त्या गर्दीचा. पण रेइपास राहायची वेळ माझ्यावर आली नाही.

मी सरकून तिच्या अगदी जवळ बसले आणि तिचा हात माझ्या हातात घेतला. ती जरा दचकली.

"मी मागितलं नव्हतं," ती म्हणाली.

"मीही विचारलं नाही," मी म्हणाले.

तिने हात सोडवून घेतला नाही. निखिल खुर्ची घेऊन वर आला तरी आम्ही तशाच बसलो होतो.

शुक्रवार

पुढच्या शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, जेवणं उरकली. मृण्मयी सईला घेऊन आडवी झाली होती. निखिल टेबलाशी तासगावच्या एजंटचा नंबर शोधत होता. मी समोरची खुर्ची ओढली.

"माझं मनगट मोडलं ते तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी," तो चिडूनच म्हणाला. "तेच तर म्हणतोय मी!"

"दुसऱ्या दिवशी, कारण आदल्या दिवशी तुला सांगायला मला फुरसतच नव्हती. शैलाने आवाज ऐकला. तिच्या नवऱ्याने रिक्षा आणली. प्लास्टर घालून घरी आले तर भात झालेला होता, आणि खालच्या आळीतल्या बायका माझी वेणी कोण घालणार यावर भांडत होत्या. मी एकटी राहत नाही रे निखिल. तू फक्त तिथे नाहीस, म्हणून तुला तसं वाटतं. इथे मला रोज खंबीर राहावं लागेल. तिथे तशी नाही राहिले तरी चालतं."

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग हळू म्हणाला, "आणि मी?"

मला आधी कळलंच नाही.

"तुला तिथे शैलामावशी आहे. मला इथे कोण आहे, आई? साइटवर सगळे सर, सर करतात. घरी दोघींसमोर दमलो म्हणायची सोय नाही. तू आल्यापासून संध्याकाळी दार उघडलं की बरं वाटतं."

देवघर, पडदे, दांडी. मला वाटत होतं हे सगळं माझ्या म्हातारपणासाठी आहे. पोराने आपल्या गरजेला माझ्या मनगटाचं नाव दिलं होतं. इतकी वर्षं फोनवर "मस्त चाललंय" ऐकून मी फोन ठेवत होते, आणि गल्लीत सांगत होते की आमचा निखिल खंबीर आहे. त्या चर्चमधल्या लोकांहून मी काय वेगळं केलं होतं?

उठून त्याच्या शेजारी गेले आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं. "त्या इर्माचा एक शब्द आहे," मी म्हणाले. "तू तसा आहेस, लहानपणापासून. पण माझ्यासमोर तसं असायचं काम नाही."

तो रडला. चांगला मोकळा रडला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

ठरल्या दिवशी मी परत निघाले. दर थंडीत येईन असं कबूल केलं, आणि देवघर तसंच ठेवायला सांगितलं. निरोपाला इर्मा वेलदोड्याचे पाव घेऊन आली. मी "नको" म्हणाले. तिने तह मोडला. डबा माझ्या पिशवीत कोंबला आणि वर म्हणाली, "अगं बाई!"

आता निखिलचा फोन येतो तेव्हा टाकीचा कॉक आणि गोळ्या यांची चौकशी दोन मिनिटांत संपते. कालच आला होता. मी विचारलं, "कसा आहेस?"

"मस्त," तो म्हणाला.

मी फोन कानाशीच धरून ठेवला. जवळ उभी राहिले, वाळूत इर्मा राहिली होती तशी.

"नाही गं, आई," तो म्हणाला. "आज फार कंटाळलोय."

"बोल," मी म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.